पंगतीतले राउटर

किस्से बाळाच्या दुपट्यांसारखे असतात. काल सगळे घडी करून ठेवलेत म्हणावं, तर आज पुन्हा ढीग! आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगमधला वायफायचा ढीग तर मी एकटीनं लावलाय, असं नवरा म्हणतो.

बरोबरच आहे त्याचं. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून करमाडच्या अलीकडं कंपनीत हजर व्हायचं आणि आठ महिन्यांची ओवी सासूबाईंजवळ राहणार. सासूबाईंनी चार पोरं वाढवलीत. मी एकच, तीही पुस्तक बघून. तरी कॅमेरा मी लावला! मोबाइलवर ओवी दिसत राहिली तर नोकरी, नाही तर राजीनामा. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाही होता.

*

पहिली चाचणी. मी खाली पार्किंगमध्ये, सासूबाई वर कॅमेऱ्यासमोर. त्यांनी हात हलवला. हात वर गेला तो वरच राहिला. पाच मिनिटं! मी धापा टाकत जिना चढले.

"आई, हात खाली घ्या आता!"

"अगं, कवाच घेतला. भाजी फोडणीला बी टाकली."

मी वैतागून बोलून गेले, "तुम्ही हलूच नका बरं! हललं की चित्र अडकतं."

मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. पण आवाज मात्र इंजिनिअरचा लागला होता.

*

मग नेटवाल्याला बोलावलं. त्यानं मोबाइलवर बघितलं आणि हसला. "मॅडम, बिल्डिंगमधी बारा राउटर हायत, अन् नऊ एकाच चॅनलवर. सगळे एकदम बोलायलेत, मग ऐकणार कोण? सहा नंबर मोकळाय, तुमचं तिथं टाकतो."

कॅमेरा धावायला लागला! आनंदाच्या भरात मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'सहा नंबर चॅनल एकदम मोकळं आहे!!'

संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग सहावर. ओवी पुन्हा अडकली.

एसटीत खिडकीची जागा सापडल्यावर स्टँडभर ओरडून सांगणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर आमच्याकडं चहाला या.

*

आमचे सेक्रेटरी अण्णा म्हणजे रिटायर्ड पी.टी. सर. त्यांनी मीटिंग लावली. "एक, सहा आणि अकरा, एवढेच एकमेकांत घुसत नाहीत. पार्किंगसारख्या चिठ्ठ्या टाकू!"

झालं! सगळ्यांनाच अकरा पाहिजे. शकुनाचा आकडा! एकजण म्हणाले, आम्ही तळमजल्यावरचे, आम्हाला एक नंबर द्या.

समोरच्या शबाना आपांना चिठ्ठीत सहा आला. त्यांनी चिठ्ठी तिथंच टेबलावर ठेवली. "अण्णा, पार्किंग तो कोनेकी दिए, अब हवा बी बीचकी दे रै क्या?"

मीटिंग चहावर संपली.

*

नवरा म्हणाला, "सगळ्यांनी ऑटोवर टाका. राउटर चालू झाला की स्वतःच बघतो, कुठं गर्दी कमी आहे, आणि तिथं जाऊन बसतो."

माझा धीर होईना. ओवीचं दूध मी मनगटावर तीनदा टाकून बघते. आणि हे म्हणे यंत्र ठरवणार!

अण्णांना मात्र पटलं. रविवारी बरोबर अकराला शिट्टी झाली, सगळ्यांनी राउटर बंद केले. दुसरी शिट्टी, सगळ्यांनी चालू!

बाराच्या बारा राउटरांनी एकाच वेळी इकडंतिकडं बघितलं. सगळीकडं शांत! बारापैकी बारा, एक नंबरच्या चॅनलवर जाऊन बसले.

नेटवाला फोनवर नुसता हसत होता. अण्णांची शिट्टी गळ्यात लोंबत होती. तेवढ्यात फर्दापूरकडं जन्मभर लग्नाच्या पंगती बसवत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यायला एकदम सोडलं तर पयल्याच पानावर पडतील की! एकेकाला बसवावं लागतंय."

मग एकेका फ्लॅटला एकेक शिट्टी, मध्ये दोन मिनिटं थांबायचं. पुढचा राउटर मागच्याला बघून बाजूला सरकला. बाराव्या शिट्टीनंतर कॅमेरा लावला. ओवी पायाचा अंगठा चोखत होती, न अडकता!

राजीनामा मी तरीही पुसला नाही. मी आहेच तशी.

*

सोमवार. पहिलीच मीटिंग, मोबाइल मांडीवर, आवाज बंद. ओवी पाळण्यात झोपलेली, शेजारी सासूबाई ताठ. पाच मिनिटांनी बघितलं, तशाच. दहा मिनिटांनी, तशाच. पाळण्याची दोरी हातात, पण पाळणा हलेना.

अडकलंच शेवटी! ड्राफ्ट उघडला. आधी घरी फोन लावला. कुणी उचलेना. मी मीटिंगमधून उठून बाहेर आले आणि शबाना आपांना लावला. त्यांच्याकडं आमची किल्ली असते.

मोबाइलवर बघतेय तर दार उघडलं आणि आपा आत आल्या. दुपट्टा सावरत, चालत, अगदी स्पष्ट!

म्हणजे चित्र चालू होतं. मग सासूबाई का हलत नव्हत्या? मी मोबाइलचा आवाज वाढवला.

"अम्मा! बहू परेशान हो रई. फोन कायकू नै उठाए?"

सासूबाईंचे ओठ जेमतेम उघडले.

"हळू! तुमी बी हलू नका. सूनबाई बघायलीय."