कोराडीची डावी चप्पल

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला जाणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर आईच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा. मी दुसऱ्या जातीचा. आजी जाऊन काही महिने झाले होते, कोराडीच्या घरात आबाजी (आईचे वडील) एकटेच होते आणि त्यांना पुण्याला घेऊन येण्याची कामगिरी माझ्यावर होती. परतीची दोन तिकिटंही आईनेच काढून दिली. आपल्या वडिलांचा स्वभाव ती पुण्याच्या हवेत पार विसरली असावी.

नागपूर स्टेशनबाहेर उन्हाने सकाळीच दुपारचं काम हाती घेतलं होतं. रिक्षावाल्याने विचारलं, कोराडीले कोण राह्यते? सवयीने मी म्हणालो, आजी. मग ती चूक दुरुस्त करवेना. जेवल्याबिगर काही सोडत नाही मग, असं म्हणून तो खूश झाला. शहरातली सदरची वस्ती मागे पडली, कोळशाचे ट्रक सुरू झाले आणि वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. कोराडीत राख सढळ हाताने मिळते. आजी वाळवणावरची राख फुंकून टाकायची आणि उरलेली आम्हाला चव म्हणून खाऊ घालायची.

पाहुण्यांना थांबवण्याची तिची रीतही अशीच प्रेमळ होती. कोणी निघायची भाषा केली की त्याची डावी चप्पल नाहीशी व्हायची. कधी गव्हाच्या कोठीत, कधी कूलरच्या मागे. डावीच का, हे तिने कधी सांगितलं नाही. माझ्या वडिलांचा सख्ख्या भावाच्या साखरपुड्याचा मुहूर्त यापायी चुकला. तेव्हा तिने त्यांना गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) वाढून त्यांचं सांत्वन केलं. आबाजी मात्र वीजकेंद्राच्या भोंग्यावर आयुष्य काढलेले. ते चप्पल शोधून पाहुण्याच्या हातात द्यायचे आणि आजीला म्हणायचे, "जाऊ दे वं त्याले. गाडी थांबते का तुह्यासाठी?"

पुण्यात फिरायला म्हणून मी त्यांच्यासाठी माझ्यासारखीच काळी चप्पल नेली होती. फिरून कुठं जायचं, असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर पुणेकरांकडेही नसतं.

दुपारी त्यांनी स्वतः गोळाभात केला. गोळ्यांनी भातात जलसमाधी घेतली होती. तरी पहिल्याच घासाला मला आजीची इतकी आठवण आली, की मी मुकाट्याने आणखी भात मागून घेतला. कूलरचं तोंड तिच्या रिकाम्या खाटेकडे होतं आणि आबाजी घामाने निथळत दाराशी बसले होते. मी पुण्याचे दवाखाने, बागा, हवा, सगळ्यांचं गुणगान केलं. त्यांनी ते लग्नातल्या भाषणासारखं ऐकून घेतलं.

"मी नाही येत गा," शेवटी ते म्हणाले. "तिच्या कूलरले पाणी कोण टाकन?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हार मानली आणि एकटाच निघालो. आबाजी कधी नव्हे ते स्वयंपाकघरात लपल्यासारखे उभे होते. दाराशी गेलो तर तिथे तीनच चपला. माझ्या दोन्ही जागेवर होत्या, नवीन जोडीतली डावी मात्र गायब.

डोक्यात उजेड पडला तेव्हा मला रडूच आलं. मोतीबिंदू झालेल्या आबाजींनी आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली होती आणि माझी समजून चोरली होती स्वतःचीच चप्पल.

मी माझी डावी चप्पल उचलली, आवाज न करता कूलरच्या मागे सरकवली आणि ओरडलो, "आबाजी, माझी एक चप्पल सापडत नाही."

आतून लगेच उत्तर आलं. "मग आता काहून जातं? भात टाकला मी तुह्या वाटचा."

आठवडाभर राहून मी एकटाच पुण्याला परतलो. पाहुणा निघायच्या वेळी घराला काय होतं, ते इतकी वर्षं पाहुणा असल्यामुळे मला कळलंच नव्हतं. आबाजींना का आणलं नाहीस, म्हणून आईने दारातच फैलावर घेतलं. त्यांची एक चप्पल सापडेना, मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

पुण्यात इतकी वर्षं जपून ठेवलेली आईची शुद्ध भाषा त्या क्षणी सुटली.

"डावीच न गा?" तिने विचारलं आणि माळ्यावरची बॅग काढायला ती स्टुलावर चढली.