पद्मा मिसचा डबा

हिंदी मुलखातल्या इंदिरा नगरच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या मराठी पद्मा मिसचं नाक पोलिसी कुत्र्याला लाजवेल, असं मुलं म्हणत. म्हणजे मिसची पाठ वळली की नाक वर करून हुंगून दाखवत. डबा उघडला की मिस हजर. "ये क्या है बेटा, चिक्की? बंद करो." पोहे दिसले तर चमच्याने उकरून दाणे शोधायच्या. हा सगळा खटाटोप अभिरामसाठी. शेंगदाण्याचा कण जरी तोंडाला लागला तरी त्याचे ओठ सुजायचे, घसा आवळायचा.

करोनात बंद पडलेली शाळा उघडली तेव्हा प्रिन्सिपल मॅडमना तो वर्गात नकोच होता. एकेक शब्द इस्त्री करून ठेवावा तशा त्या बोलत. "देखिए पद्मा जी, ये बच्चा ऑनलाइन ही ठीक है." जेवणाची खोली बंद, मुलं आपापल्या बाकावर जेवणार, एरवी तोंडावर मास्क. सुजलेले ओठ दिसणार कुणाला? मिस म्हणाल्या, मी बघते. एक जरी चूक झाली तरी पोरगं परत घरी, या अटीवर अभिराम आला. इतके दिवस फोनच्या चौकटीत बसलेल्या त्या पोराने पहिल्या दिवशी बाक नुसता हाताने चोळून पाहिला.

स्टाफरूमही बंद होती, म्हणून मिस वर्गातच जेवत. नळावर गर्दी नको म्हणून साबणाला सुट्टी, सगळा कारभार सॅनिटायझरवर. एका मंगळवारी सगळ्यांचे डबे हुंगून झाल्यावर त्यांनी आपला उघडला. पोळी आणि काकडीची कोशिंबीर. जेवण उरकून त्यांनी हातावर सॅनिटायझर चोळलं आणि अभिरामचा घसरलेला मास्क प्रेमाने नाकावर बसवला.

तो पाढे म्हणायला उभा राहिला आणि मिसचे कान टवकारले. आवाज जाड येत होता, तोंडात बोळा कोंबल्यासारखा. त्यांनी मास्क ओढला. ओठ टम्म फुगलेले. आईने देऊन ठेवलेलं औषध पाजून, पोराला कडेवर घेऊन त्या ऑटोने दवाखान्यात धावल्या. पोरगं वाचलं.

ऑटोतच त्यांना कोशिंबीर आठवली होती. तिच्यात दाण्याचं कूट होतं, सकाळी त्यांनीच घातलेलं. दुसऱ्यांच्या डब्यात दाणे हुडकणाऱ्या बाईला कूट कधी दाणा वाटलंच नव्हतं. ते मिठासारखं, स्वयंपाक करताना हात आपोआप कुटाच्या डब्याकडे जातो. सॅनिटायझरने विषाणू मेला असेल, कूट बोटांवर तसंच राहिलं.

प्रिन्सिपल मॅडमनी फोनवर सुचवलं की मुलाने घरूनच काहीतरी आणलं होतं, असं सांगून टाका. मिसनी अभिरामच्या आईला, शर्वरीला, खरं ते सांगितलं. शर्वरी नागपूरची.

"इथल्या बायकांना मी कूट म्हणजे काय ते समजावून सांगते, मिस," ती म्हणाली. "तुम्हाला काय सांगायचं, म्हणून नाही सांगितलं."

अट ती अटच. अभिराम पुन्हा फोनमध्ये गेला. आता मधल्या सुट्टीत फोन टेबलावर उभा असतो. पहिल्याच दिवशी त्याने डबा उघडून कॅमेऱ्यापुढे धरला. "मिस, चेक कर लीजिए."

पद्मा मिस सवयीने वाकल्या. मागच्या बाकावर कुणीतरी नाक वर करून हुंगलं. वर्ग खदखदून हसला, आणि फोनमधला अभिरामही.