झेंडू आपोआप उगवला नव्हता

आधी एक दुरुस्ती. तीन आठवड्यांपूर्वी मी इथे झेंडूचा फोटो टाकला होता. 'टेक्सासच्या रानात आपला झेंडू आपोआप उगवला, तोही व्हिसाशिवाय!' असं वर लिहिलं होतं. तुम्ही भरभरून हार्ट्स दिलीत... पण तो आपोआप उगवला नव्हता.

अर्विंगमध्ये आमच्या अपार्टमेंटपासून दहा मिनिटांवर, दोन हायवेंच्या मधे, जुन्या गवताळ रानाचा एक तुकडा राखून ठेवलाय. इथे त्याला प्रेअरी म्हणतात. कमरेएवढं गवत, मधून पायवाट, आणि गेटवर पाटी... काही नेऊ नका, काही टाकू नका.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दसऱ्याचं वाळलेलं तोरण मी तिथे पायवाटेच्या एका वळणावर नेऊन ठेवलं. निर्माल्य डस्टबिनमध्ये टाकायला हात धजेना, आणि बाल्कनीत झाड कुठून आणू? पाटी वाचली होती. मनात म्हटलं, हा काय कचरा थोडाच आहे...

'फोटो काढला तेव्हा लक्षात आलं नव्हतं' असं आता लिहिणार होते. तेही खरं नाही. रोपांच्या बुडाशी पांढरा दोरा दिसला होता, त्यात आंब्याच्या पानाचं देठ अडकलेलं. मी फोटो क्रॉप केला.

गेल्या शनिवारी पुन्हा गेले, तर मिस रूथ गुडघे टेकून तेच झेंडू उपटत होत्या. सत्तरीच्या पुढच्या आहेत. दर शनिवारी व्हॉलंटियर म्हणून येतात, वर्षभर इथल्या मूळ गवतांच्या आणि फुलांच्या बिया हाताने गोळा करतात आणि थंडीत पेरतात. गेल्या थंडीत त्यांनी नेमकं त्याच वळणावर पेरलं होतं.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्याच बियांत हे मिसळलं असणार." म्हणून यंदा गोळा केलेल्या बियांच्या सगळ्या पिशव्या त्या पुढच्या शनिवारी कचऱ्यात टाकणार होत्या... आणि हे काम कायमचं सोडणार होत्या.

मी शेजारी बसून उपटू लागले. दोरा हाताला लागला, तो गुपचूप खिशात घातला. तोंडातून निघालं काय, तर "सो सॉरी, मिस रूथ." त्यांना वाटलं मी धीर देतेय. त्यांनी माझा हात थोपटला.

निघताना उपटलेल्या फुलांचा गुच्छ माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे देवाला वाहतात ना? घेऊन जा. फुलांनी काय केलंय बिचाऱ्यांनी?"

गुच्छ अजून किचनच्या ओट्यावर ग्लासात आहे. देवाला वाहवत नाही, टाकवत नाही... माझा नवरा निखिल म्हणाला, "अगं झेंडू आहे, गांजा नाही! एवढं काय यार?" पिशव्यांचं सांगितल्यावर मात्र त्याने उठून ग्लासातलं पाणी बदललं.

मग आईला फोन केला. बाबा धरणाच्या कॅम्पवर नोकरीला होते, जवळ शाळा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

वहीत चुकलं तर ती खोडरबर वापरू द्यायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि पुढे बरोबर लिहायचं. म्हणून ती पोस्ट मी डिलीट केलेली नाही. न कापलेला फोटो खाली देतेय, दोऱ्यासकट.

मिस रूथचा नंबर माझ्याकडे नाही, हे निमित्त मला आठवडाभर पुरलं. गेटवर ऑफिसचा नंबर आहे, तो मी लावला नाही. पिशव्या अजून तिथल्या शेडमध्ये आहेत, आणि शेड आठ वाजता उघडते. तुम्हाला आधीच सांगून ठेवतेय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही...

आज शुक्रवार. उद्या, शनिवारी सकाळी पावणेआठला, मी शेडच्या दाराशी असेन. दोरा घेऊन.