बक्षिसाचा गुंड

एकोणीसशे अडतीसच्या हिवाळ्यात देवरीच्या शाळेत पहिल्यांदाच मुलींची शर्यत लागली. धावायला पोरी सात, त्यातल्या चार ऐनवेळी लाजून खाली बसल्या. उरलेल्या तिघींत फागू मडावीची दुर्पता पहिली आली. दुसरी निम्म्या वाटेवर होती, तेव्हा ही पलीकडे उभी राहून हसत होती. बक्षीस म्हणून तिला पाणी भरायचा पितळेचा गुंड मिळाला.

तिची आई बायजाबाई जंगलातून मोळी घेऊन येत होती. गुंड पाहिला, मोळी टाकली आणि तिथंच बसून रडली. घरातलं पहिलं पितळेचं भांडं, तेही लेकीनं पायांच्या बळावर आणलेलं! मास्तरीण सुलोचनाबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात गोंदियाला मोठी शर्यत आहे. मी नेते हिला." बायजाबाईनं त्यांचे पाय धरले. दुर्पता त्या दिवसापासून पाण्यालाही धावतच जाऊ लागली.

इथंच बायजाबाई चुकली. दुर्पताची सोयरीक लहानपणीच ठरलेली. अशा पोरीच्या घरी नवं भांडं आलं, की ते तांदळानं भरून आधी विहिणीला दाखवायचं, अशी त्यांच्यातली रीत. गुंड महिनाभर कोठीमागे दडवला असता, तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण आनंदात माणसाला अक्कल सुचत नाही. बाई गुंड डोक्यावर घेऊन दोन कोस मिरवत गेली.

विहिणीनं तांदूळ ओतून घेतले आणि भांडं वाजवून पाहिलं.

"कोठून आनला?"

"दुर्पतानं जितला. शाळेत धावली."

"बाप्यांच्या समोर?"

बायजाबाईनं रिकामा गुंड उचलला आणि घरची वाट धरली.

पाचव्या दिवशी विहीण कासाराला घेऊन दारात हजर. पिशवीत पायात घालायचे तोडे होते, एकेक अर्ध्या शेराचा. हे तोडे लग्नात घालायचे आणि एकदा तोंड ठोकून बंद केलं, की बाई मेल्यावरच काढायचे. "आमची सून हाय, आताच घालतो. मग धावून दाखव म्हना," विहीण म्हणाली.

बायजाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमी तं बोला! काऊन उगेच बसून राहिले?"

"जबान देल्ली हाय. का बोलू?" फागू म्हणाला. त्याची मान काही वर आली नाही.

सुलोचनाबाई धावत आल्या, हात जोडून बोलल्या. त्यांना कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. परक्या गावच्या, परक्या जातीच्या बाईचं तिथं काय चालणार? गोंदियाची शर्यत बारा दिवसांवर होती.

तोडे घालताना पोरीचा पाय तिच्या आईनंच धरायचा असतो. बायजाबाईनं तो मांडीवर घेतला. टाचेला शाळेच्या पटांगणाची लाल माती अजून चिकटलेली होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतात. हिनं तो लेकीच्या पायावर पाडला होता. उठावं, पोरीला घेऊन रानात पळून जावं, असं तिच्या मनात दहादा आलं. पण जाणार कुठं? रानातही यांचेच सोयरे.

कासारानं हातोडी उचलली. बायजाबाईची पकड सैल झाली. तेव्हा दुर्पता, तेरा वर्षांची पोर, आईला हळूच म्हणाली,

"घट्ट धर ना वो आई. पाय हालला तं हाड मोडन."

आणि बायजाबाईनं तो पाय घट्ट धरला.