बेचाळीस घोंगड्यांची पुसलेली शिवण

नवी पेठेतल्या एका फोटोवाल्याने माझी शिवण पुसली. एका घोंगडीवरची नव्हे, बेचाळीस घोंगड्यांवरची, आणि तीही एकदम. जाब विचारायला गेले तर म्हणाला, मावशी, मी तुमचं काम उलट चांगलं करून दिलं. दोन वर्षं होत आली, तरी त्याचं ते तोंड आठवलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर सांगोल्याच्या पलीकडचं, मेंढरांचं. आता जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो, घरात मी आणि सून. माझा धाकटा भाऊ अजून गावी घोंगड्या विणतो. त्याचा माग खड्ड्यातला आहे. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. आमच्या आज्यापासूनचा तो माग अरुंद आहे. त्यावर अख्खी घोंगडी निघत नाही, अर्ध्या रुंदीचा पट्टा निघतो. असे दोन पट्टे कडेला कड लावून शिवले की घोंगडी झाली. ही शिवण आमच्या घरात बायकांनी घालायची. आधी आई घालायची, आता मी घालते. भाऊ पट्टे एसटीने पाठवतो, मी ते हॉलमध्ये फरशीवर पसरते आणि दाभणाने जोडते. दोरा लोकरीचाच. शिवण दिसते. ती दिसायचीच. ती लपवायला आम्ही काही चोरी केलेली नाही.

त्या वर्षी भावाने बेचाळीस घोंगड्यांचे पट्टे एकदम पाठवले आणि फोनवर सांगितलं, "आक्का, बाजारात मशिनीची ब्लँकेटं आल्यात. माजं कोन घेतंय? ह्या बेचाळीस गेल्या तर बरं, न्हाई तर खड्डा बुजवतो आन् तितं शेळ्यास्नी गोठा करतो."

तो उगाच धमकी देणारा माणूस नाही. बोलला म्हणजे करणार. खड्डा एकदा बुजवला की पुन्हा कोण खणतो? त्याची मुलं तर खणणार नाहीत.

सून ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. ती म्हणाली, "आत्या, ऑनलाइन टाकू या. लोक हातमागाचं शोधत असतात." तिने एका विक्रीच्या साइटवर पान उघडलं. मग फोटो पाहिजेत म्हणून आम्ही नवी पेठेत त्या फोटोवाल्याकडे गेलो. पूर्वी तो लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायचा. आता दुकानदारांच्या मालाचे काढतो.

तिथे मला कळलं की एका घोंगडीचे पाच फोटो लागतात.

"पाच कशाला? चारी बाजूनं काढतासा का?" मी विचारलं.

"फोटो एकच हो मावशी. मापं पाच," तो म्हणाला. "साइटला चौकोनी लागतो, पाठ पांढरी. मोबाईलच्या कॅटलॉगला लहान. स्टेटसला उभा. पानाच्या माथ्यावर आडवा. आणि प्रदर्शनात छापून लावायला हा मोठा. त्यात परत कुणाला जेपीजी पाहिजे, कुणाला पीएनजी."

"मग ह्ये समदं एकेक करनार?"

तो हसला. "एकेक करत बसलो तर दिवाळी येईल. एकावर सेटिंग करायचं, ते सगळ्यांवर टाकायचं आणि बटन दाबायचं. सगळे एकदम निघतात. त्याला बॅच म्हणतात."

मी मनात गुणाकार केला. दोनशे दहा फोटो, एका बटनावर. मला वाटलं, बरं आहे बाबा, तुझी तरी बोटं दुखत नाहीत.

त्याने भिंतीसमोर एक दांडा लावला, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवला. मी एक घोंगडी दांड्यावर टाकायची, नीट ताणायची, तो दाबायचा, मी काढायची. प्रत्येक वेळी शिवण बरोबर मधोमध येईल अशी मीच टाकत होते. पुढे माझाच नीटनेटकेपणा त्याच्या कामी आला, हे तेव्हा माहीत नव्हतं.

चार दिवसांनी सुनेने पेनड्राइव्ह आणला. त्यात पाच फोल्डर. तिने रात्रंदिवस बसून ते साइटवर चढवले असं नाही, तिथेही सगळे एकदम चढतात. मला तिने मोबाईलवर दाखवले. नखाएवढे चौकोन, एकाखाली एक. काळी, करडी, पांढरी, रेघांची. मी म्हटलं, छान आहेत. चूक झाली असेल तर ती ही.

पहिल्या पंधरा दिवसांत नऊ घोंगड्या गेल्या. भावाला फोन केला तर त्याचा आवाजच बदलला होता. मग एक परत आली. सोबत लिहिलं होतं, चित्रात अखंड दाखवली आहे, आलेली जोडलेली आहे. आठवड्यात दुसरी परत आली. त्या बाईने सरळ लिहिलं होतं, फाटका माल शिवून पाठवतात, फसवतात, कोणी घेऊ नका. हे तिने आमच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

सुनेने ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "तिला सांग, घोंगडी जोडलेलीच आसती."

"सांगितलं, आत्या. ती म्हणते फोटोत नाही."

"फोटोत न्हाई म्हंजे? तिचं डोळं फुटल्यात."

तिचे डोळे फुटले नव्हते. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि भावाला तर त्याहून नव्हतं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "आक्का, तुजी नजर कमी झाली आसंल. टाका वाकडा पडत आसंल म्हनूनच लोकं फाटकी म्हनत्यात."

मला हे लागलं. फोन ठेवला आणि शिल्लक घोंगड्यांपैकी अकरा उसवल्या. अकराही पुन्हा शिवल्या, दाभण सोडून बारीक सुईने, टाक्याला टाका चिकटवून. चिंचोक्याची खळ दिलेली लोकर कडक असते. बारीक सुई तिच्यात जात नाही, ती बोटात जाते. सून म्हणाली, आत्या राहू द्या. मी राहू दिलं नाही. माझाच दोष आहे असं मी आठ दिवस धरून चालले होते. त्या आठ दिवसांचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

मग तिसरी परत आली. खोकं उघडलं तर आत घोंगडी नव्हतीच, दोन पट्टे होते. घेणाऱ्याने शिवण पुरी उसवली होती, मधे काय लपवलंय ते बघायला. उसवलेला दोरासुद्धा गुंडाळून आत टाकला होता. म्हणजे माणूस व्यवस्थित होता.

त्याच दिवशी साइटवाल्यांची नोटीस आली. फोटो आणि माल जुळत नाही अशा तक्रारी आहेत. आठ दिवसांत खुलासा करा, नाही तर पान बंद. खुलाशासोबत मालाचा मोठा फोटो जोडा.

सून लॅपटॉप घेऊन बसली. तिने मोठ्या फोटोंचा फोल्डर तोवर कधी उघडलाच नव्हता. एकेक फोटो इतका जड की लॅपटॉप अडकायचा. मी शेजारी ते दोन पट्टे पुन्हा जोडत होते. फोटो हळूहळू वरून खाली उघडत गेला. काळी घोंगडी, पडदाभर. मी बघितलं आणि दाभण थांबलं.

"ह्यात शिवण कुटं हाय?"

"असेल की. काळ्यात काळी दिसत नसेल."

"पांढरी लाव."

तिने पांढरी उघडली. पांढऱ्यावर माझा काळा दोरा असतो, आंधळ्यालाही दिसेल. नव्हता. मधोमध चार बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा होता, साबणाने धुतल्यासारखा. करडी उघडली, तीच गत. रेघांच्या घोंगडीवर तर उजवीकडच्या रेघा डावीकडे ओढून जुळवल्या होत्या. अशी घोंगडी जगात कुठे विणली जात नाही.

मी तिला म्हटलं, "दोनशे दहा फोटो चढवलंस आन् एक उगडून बगितला न्हाईस?"

"तुम्ही पण बघितले होते, आत्या."

खरं होतं. त्यामुळे आणखीच चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून दोघी नवी पेठेत गेलो. मी उसवलेले दोन पट्टे पिशवीत घेतले होते.

फोटोवाल्याला काही वाटलंच नाही. म्हणाला, "हो, ती मधली चीर ना? मीच काढली. पहिल्या घोंगडीला दिसली, म्हटलं फाटलेली शिवलीय, बरं दिसणार नाही. ती साफ केली, आणि मग सगळ्यांना तिथेच होती. म्हणून तेच सेटिंग सगळ्यांवर टाकलं. त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत मी."

"बेचाळीसच्या बेचाळीस घोंगड्या एकाच जागी फाटतील व्हय रं? तुज्या मनात आलं न्हाई?"

"मावशी, मी रोज शंभर वस्तूंचे फोटो काढतो. विचार करत बसलो तर दुकान बंद करावं लागेल. आणि ऐका, लग्नाच्या मुलीचा फोटो काढला तरी आम्ही मुरूम काढतोच की."

"मुरूम गेला तर पोरगी ऱ्हाती. शिवण गेल्यावर काय ऱ्हातं ते बग." मी पिशवीतून दोन्ही पट्टे काढून त्याच्या टेबलावर, त्या कीबोर्डवरच टाकले. "ही तुजी साफ केलेली घोंगडी. घे, पांगर."

दुकानात एक जोडपं पासपोर्टच्या फोटोला आलं होतं. ते हसायला लागलं. तेव्हा कुठे तो नरमला.

सुनेने विचारलं, "मूळ फोटो आहेत का?"

मूळ होते. पण सगळं पुन्हा बाहेर काढायचं म्हणजे वेळ जाईल, परवा या, असं त्याचं सुरू झालं. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, आता कर. त्याने ती सफाई काढून टाकली आणि बटन दाबलं. पडद्यावर एक निळी रेघ पुढे सरकू लागली. मधे दोनदा थांबली. मी तिच्याकडे बघत बसले. दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.

रेघ पुरी झाली. मोठ्या फोटोत शिवण आली. आडव्यात आली, उभ्यात आली. लहान चौकोनात बघितलं तर पुन्हा गायब.

"ह्यात न्हाई."

"आता मी काही केलेलं नाही हो. एवढ्या लहान मापात टाका दिसतच नाही."

"घेनारा आदी हाच बगतो न्हवं?"

सून म्हणाली, "हाच बघतात. मोठा कोण उघडतंय?" आणि स्वतःच ओशाळली.

मी म्हटलं, लहान फोटोत अख्खी घोंगडी दाखवू नको, शिवणीजवळचा तुकडा तेवढा दाखव. तो म्हणाला, त्याला प्रत्येक फोटो वेगळा कापावा लागेल, टाका कुठे चांगला दिसतो ते बघून. बॅचमध्ये होत नाही.

"मग हातानं काप."

"बेचाळीस?"

"मी बेचाळीस हातानंच शिवल्यात. त्यातल्या अकरा दोनदा, तुज्यापायी."

त्याने कापले. तोंड वाकडं करून, मधेच चहा मागवून, पण कापले. चहा मलाही दिला, मी घेतला नाही. दुपारी तीनपर्यंत मी त्या स्टुलावर होते. जाताना तो सुनेला हळूच म्हणाला, "ताई, शिवण दाखवली तर खप होणार नाही, बघा." मी ऐकलं.

त्याचं तेवढं बोलणं खरं ठरलं. नोटिशीला सुनेने नवे फोटो जोडले, घोंगडी कशी होते ते चार ओळींत लिहिलं, आणि पान बंद झालं नाही. परत येणं थांबलं. पण मागणीही निम्म्यावर आली. त्या बाईने लिहिलेलं अजून पानावर आहे. ते काढता येत नाही म्हणे. फोटोतली शिवण काढता येते, हे काढता येत नाही.

बेचाळीसपैकी एकतीस घोंगड्या उन्हाळ्यापर्यंत गेल्या. मी भावाला फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोटोवाल्याने काय केलं, मी अकरा कशा उसवल्या, सगळं. तो ऐकत होता. मागे शेळ्या ओरडत होत्या. मला वाटलं, आता हा म्हणेल की आक्का, मी तुला उगाच बोललो. तसं काही तो म्हणाला नाही.

"म्हंजे इकायच्या अकरा ऱ्हायल्या," तो म्हणाला.

"ऱ्हायल्या. मग खड्ड्याचं काय करतोस?"

"औंदा न्हाई बुजवत."

"औंदा म्हंजे?"

"औंदा म्हंजे औंदा, आक्का. फुडचं फुडं."

"मंग पट्टे कवा लावून देतोस?"

"लोकर कातरली की."

"लवकर कातर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.