गोलकीपरची जर्सी

आमची टीम वाईट खेळायची, हे आज मी कबूल करतो. त्या वेळी कुणी तसं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. एकदा तर बेंगळूरात, शिवाजीनगरच्या बस स्टँडवर एका सभ्य दिसणाऱ्या माणसाशी भांडलोही. बिचारा एवढंच म्हणाला होता, की यंदा ही मिलची टीम खाली जाणार. मी त्याची कॉलर धरली. धरल्यावर लक्षात आलं, की कॉलर आमच्याच दुकानात शिवलेली आहे. मग सोडून दिली.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि वडिलांच्या हाताखाली कटिंग शिकून नुकताच स्वतःच्या जबाबदारीवर कात्री चालवायला लागलो होतो. आमची गल्लीच शिंप्यांची. आमचे लोक किती पिढ्यांपूर्वी बेंगळूरला आले ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, बाजारात उर्दू आणि तमिळ, आणि दंडूतल्या, म्हणजे लष्करी वस्तीतल्या, साहेबांशी मोडकंतोडकं इंग्रजी, असं आमचं चालायचं. वडिलांचं नाव होतं ते लष्करी कपड्यांसाठी. त्यांनी शिवलेला कोट घालून माणूस अटेन्शनमध्ये उभा राहिला, की खांद्यापासून मनगटापर्यंत बाहीला एक चुणी पडत नसे. मलाही त्यांनी तेच शिकवलं. बाकीचं काम कोणीही करतं, शिंपी ओळखावा तो बाहीवरून, असं ते म्हणत.

माझ्या मोठ्या भावाला, अण्णाला, या सगळ्याचा मनस्वी कंटाळा. काजं करायला बसवलं तर दहा मिनिटांत उठून दारात जाऊन उभा राहायचा. उंच, लांब हातांचा, आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर. मैदानावर सगळे त्याला नुसतं 'गोली' म्हणत. एका कापड मिलने त्याला टीमसाठी म्हणून घेतलं. कागदावर तो विणकाम खात्यात होता, नोकरी टेम्पररी. सकाळी मागावर, दुपारनंतर मैदानावर. असे सात-आठ जण होते. वडिलांना हे पटलेलं नव्हतं. "बॉल धरायचा पगार किती दिवस देतील?" ते विचारायचे. पण मिलमध्ये गेल्यापासून अण्णा माणसात आला होता. जेवताना बोलायचा, हसायचा, आईची थट्टा करायचा. तो दुकानातून सुटला याचा मला हेवा वाटायचा आणि आनंदही व्हायचा. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

त्या मोसमात टीमला काय झालं कोण जाणे. चांगला लेफ्ट आऊट होता तो दुसऱ्या कारखान्याने पळवला. सेंटर हाफचा गुडघा गेला. ओळीने हरत गेलो. ए डिव्हिजनच्या तक्त्यात सगळ्यांत खाली जी टीम राहील ती बी डिव्हिजनला जाणार होती, आणि खालून पहिला नंबर आमचा होता. आमच्या पाठीराख्यांचे म्होरके म्हणजे मिलमधले एक जॉबर, खात्यातले मुकादम. आवाज असा, की मैदानाच्या एका टोकाला ओरडले तर दुसऱ्या टोकाचा लाइनमन दचकायचा. त्यांनीच एका मॅचनंतर आम्हांला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅनेजर साफ बोलले. टीम खाली गेली तर टीम बंद. टेम्पररी पोरं घरी."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. दुकानात बसवेना. कापडावर खडूने रेघ मारायची आणि मनात हिशोब सुरू व्हायचा, अमकी टीम तमक्याशी हरली तर आम्ही वर येऊ का? दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून मार्केटपर्यंत जाऊन यायचो. एका गिऱ्हाइकाच्या विजारीला मी दोन्ही खिसे एकाच बाजूला लावून ठेवले. वडिलांनी ती विजार माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हा माणूस डावखुरा आहे की तू वेडा?" मैदानावर गेल्यावर तर विचारूच नका. लोक खारा बन खात, शेंगा सोलत मॅच बघायचे. मी गोलपोस्टमागे येरझाऱ्या घालायचो, आणि अण्णा मागे न वळता म्हणायचा, "सुम्ने, गप उभा राहा रे, मला तुझीच पावलं ऐकू येतात सारखी."

शेवटच्या मॅचपर्यंत गोष्ट आली. समोर फौजेची टीम. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. हरलो तर खाली.

मॅचच्या आठवडाभर आधी जॉबर आमच्या गल्लीत आले. टीमच्या जर्सी धुऊन धुऊन फडक्यागत झाल्या होत्या. "पोरांना नवे कपडे द्या," ते म्हणाले. "नव्या कपड्यात नशीब पालटतं." मागायला तरी कुणाकडे आले होते! शिंप्यांच्या गल्लीत दहा जर्सी म्हणजे दोन संध्याकाळचं काम. त्या ढगळ, बाजारी मापाच्या, पटापट झाल्या. गोलकीपरची मात्र मी मागून घेतली. अकरावी जर्सी माझी, तिला कुणी हात लावायचा नाही.

मी जाड पिवळं ड्रिलचं कापड आणलं. अण्णाच्या कोटाचं माप वहीत होतं, तेच घेतलं. वडिलांनी शिकवलं होतं तस्सं कापलं. मुंढा, म्हणजे काखेपाशी बाही जोडतात तो भाग, नेमका बेतला. बाहीचा माथा उंच काढला, म्हणजे बाही सरळ खाली उतरते, चुणी पडत नाही. कॉलरला आतून कॅनव्हास घातला. इतकं मन लावून मी त्याआधी काही शिवलं नव्हतं.

वडिलांनी एकच विचारलं, "ट्रायल?"

आमच्याकडे नव्या कपड्याच्या कोपऱ्याला कुंकू लावून तो देवापुढे ठेवतात आणि मगच अंगावर घालतात. गल्लीने ठरवलं होतं, की अकराही जर्सी मॅचच्या दिवसापर्यंत देवीपुढे राहतील, आधी कुणाच्या अंगाला लागायच्या नाहीत. मी वडिलांना तेच सांगितलं. शिवाय म्हणालो, "अण्णाचं माप मला पाठ आहे." त्यांनी जर्सी हँगरला लावून बाही निरखली. "बरी पडलीय," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरी' ऐकायला मी सहा वर्षं थांबलो होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या संध्याकाळी मला ते कोण सांगणार?

मॅचच्या दिवशी जॉबरांनी मैदानाच्या कडेलाच एकेकाला जर्सी दिली. सगळी गल्ली गोळा झालेली. अण्णाने पिवळी जर्सी चढवली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. "गोली नव्हे, कर्नल आहे कर्नल!" कुणीतरी ओरडलं. त्याने खांदा दोनदा मागेपुढे केला. मला वाटलं, ऐट करतोय. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि गोलकडे धावत गेला. अभिमानाने माझी छाती भरून आली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिले दोन बॉल जमिनीलगत आले, ते त्याने वाकून छातीशी घेतले. मग फौजेच्या राइट आऊटने कडेवरून बॉल उंच टाकला. असा बॉल अण्णा पाळण्यातल्या पोरासारखा उचलायचा. त्याने उडी घेतली. हात खांद्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ड्रिल काखेत ताणलं, जर्सी पोटावरून वर ओढली गेली, आणि बॉल त्याच्या बोटांवरून वीतभर अंतराने जाऊन समोरच्याच्या डोक्यावर पडला. गोल.

मी गोलपोस्टच्या मागे होतो, चार पावलांवर. जाळीतून मला सगळं दिसलं. कोटात माणूस उभा राहतो, सलाम ठोकतो, फार तर खुर्चीत बसतो. मी माझ्या भावाला असा कपडा शिवला होता, की ज्यात हात वर करायची सोयच नव्हती.

हाफ टाइमला मी त्याला झाडाआड ओढला. शिंप्याच्या खिशात अर्धं ब्लेड असतंच.

"घातल्या घातल्याच कळलं मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"सगळी गल्ली उभी होती रे. तुझं कौतुक चाललेलं."

मी दोन्ही काखांची शिवण ब्लेडने उसवली. घाईत त्याच्या कातडीलाही एक ओरखडा निघाला. तो नुसतं "स्वल्प सावकाश" म्हणाला. लांबून लोकांना वाटलं असेल, दंडाला तेल चोळतोय.

दुसऱ्या हाफमध्ये अण्णा जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नाही. तीन गोल वाचवले. एकदा तर पोस्टवर आदळून उठला आणि पुन्हा झेपावला. पण आमच्या फॉरवर्डांना गोल करता येईना. एक बॉल पोस्टला लागून परत आला, एक रेफ्रीने ऑफसाइड दिला. मी जाळीला धरून उभा होतो आणि काय वाट्टेल ते बडबडत होतो, शिव्या, नवस, सगळं एकात एक. शिट्टी झाली. एक शून्य.

मैदान रिकामं होत असताना जॉबर चार माणसांत म्हणाले, "सेकंड हाफ खेळून काय उपयोग? पहिल्या उंच बॉलला हात वर केलाच नाही त्याने. फौजेचा तो रेडा अंगावर येताना बघून भ्याला." मी दोन पावलांवर होतो. तोंड उघडलं, आणि मिटलं.

घरी अण्णाने जर्सी खुंटीला टांगली. वडिलांनी ती उतरवून उजेडात नेली. फाटलेलं आणि उसवलेलं यातला फरक शिंप्याला सांगावा लागत नाही. त्यांनी काखेतून बोट फिरवलं, बाहीचा माथा चिमटीत धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "मीच बरी म्हणालो," एवढंच म्हणाले, आणि जर्सीची घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवली. पण बाहेर कुणाला तेही काही बोलले नाहीत.

पंधरा दिवसांत मिलने सगळ्या टेम्पररी पोरांना काढलं. अण्णा पुन्हा दुकानात आला. माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा, सांगितलं ते करायचा. आता उठून दारात जायचा नाही. आई म्हणायची, बघा कसा शांत झाला. मला ती शांतता बघवायची नाही.

गल्लीत मात्र जॉबरांचंच म्हणणं पसरलं होतं. गोली भ्याला. टीम त्याच्यामुळे गेली, सात जणांच्या नोकऱ्या त्याच्यामुळे गेल्या. मी रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. आणि रोज कुणीतरी कोटाचं कापड घेऊन यायचं आणि म्हणायचं, "कटिंग धाकट्याकडून करून घ्या हं." नाव नुकतं होऊ लागलं होतं. ज्याला सख्ख्या भावाची जर्सी बेतता आली नाही त्याच्याकडे कोण येणार, असं मी स्वतःला समजवायचो. ते कारण होतं, आणि खोटंही नव्हतं. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

महिन्याभराने एका सकाळी आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या हॉटेलात बाय-टू, म्हणजे एकात दोघांची, कॉफी घेऊन बसलो होतो. जॉबर आत आले. बरोबर मिलचे दोघे होते. शेजारच्या टेबलावर बसले, अण्णाला बघितलं, आणि आवाज न उतरवता म्हणाले, "ज्याच्या काळजात दम नाही त्याने गोलमध्ये उभं राहू नये. पोरांच्या तोंडचा घास गेला."

माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो. खुर्ची मागे पडली. सगळं हॉटेल बघायला लागलं. शब्द ओठावर आले होते, 'चूक माझी आहे.' एवढेच तीन शब्द होते.

अण्णाने माझं मनगट धरलं. जॉबरांकडे बघून तो म्हणाला, "खरं आहे तुमचं. भ्यालोच मी त्या दिवशी." मग मला म्हणाला, "कॉफी निवतेय. पी."

त्याने मनगट काही घट्ट धरलं नव्हतं. मला सोडवून घेता आलं असतं. मी पडलेली खुर्ची उचलली, खाली बसलो आणि कॉफी प्यालो.