मिस्त्री पुल्या फोडायचा

रिसोडच्या एसटी स्टँडमागे माझं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि समोर एका ओताऱ्याची भट्टी. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मीही कधी नाव विचारलं नाही. जुनी भांडी, पिस्टन वितळवून तो पिठाच्या गिरण्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पुल्या ओतायचा.

मोठ्या दुष्काळाच्या पुढल्या वर्षी त्याची एक नवी पुली गिरणीत चालता चालता फुटली. पट्टा चढवणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाच्या डोक्यात तुकडा बसला. भाऊ वाचला नाही.

दफन झाल्यावर मिस्त्रीनं तो तुकडा मला दाखवला. आत टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रंच छिद्रं होती. तेव्हापासून तो पुली ओतायचा, निवली की घणानं फोडायचा, तुकडा उन्हाकडे धरून डोळ्याजवळ न्यायचा आणि पुन्हा भट्टीत टाकायचा. गिऱ्हाइकं परत जायची.

"मिस्त्री, चांगल्या पुल्या काहून फोडून राह्यले?"

"चांगल्या नाईत, शेट. भोकं हायेत अजून."

त्यानं भंगार बदललं, आच कमी केली, छिद्रं राहिलीच. शेवटी साच्याच्या वाळूत त्यानं पाणी निम्मंच घातलं. ती पुली घणाला लवकर दाद देईना. फुटली तेव्हा आत धातू घट्ट होता, एकही छिद्र नव्हतं.

मी आनंदानं त्याचा खांदा थोपटला. तो मात्र तुकडा हातात घेऊन खाली बसला.

"एवढंच होतं, शेट," तो म्हणाला. "वाळूत पाणी कमी घालाचं होतं."

त्या दिवशी त्यानं दुपारीच भट्टी विझवली.